छातीतली शिटी आणि फसलेली लस

वर्गातल्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. एका नळीतून हवा वाहते आहे. हवेला ढकलणारा दाब तेवढाच ठेवला आणि नळीचा व्यास मात्र निम्मा केला, तर वाहणारी हवा किती उरेल? बहुतेक मुले 'निम्मी' म्हणतील. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकलेली मुले थोडा विचार करून 'चौथाई' म्हणतील. खरे उत्तर आहे, सोळावा हिस्सा.

नळी अरुंद झाली की वाट लहान होते, हे तर खरेच. पण त्याचबरोबर भिंतीजवळून रखडत जाणाऱ्या थरांचे प्रमाणही वाढते. या दोन्ही गोष्टी मिळून प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. हा नियम १८४० च्या सुमारास पॅरिसमधील प्वाझय या डॉक्टरने शोधून काढला. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे त्याला समजून घ्यायचे होते, म्हणून त्याने काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून नेमकी मापे घेतली. प्रवाह शांत असेल, त्यात भोवरे नसतील, तर हवेलाही हाच नियम लागू पडतो.

आता हे गणित बाळाच्या श्वासमार्गाला लावू या. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास सहा मिलिमीटर होतो आणि हवेला होणारा विरोध सुमारे तिपटीने वाढतो. तान्ह्या बाळाच्या चार मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली तर व्यास दोन मिलिमीटर होतो आणि विरोध वाढतो सोळा पट. म्हणजे जी सूज आपल्याला दोन दिवसांच्या सर्दीखोकल्यावर सोडून देते, तीच बाळाचा श्वास कोंडू शकते. लहान मुलांच्या श्वसनविकारांत इतर कशाहूनही महत्त्वाची गोष्ट कोणती असेल, तर ती ही साधी भूमिती.

या भूमितीचा सर्वांत जास्त फायदा उठवणारा एक विषाणू आहे. त्याचा शोध, त्याच्याविरुद्धची पहिली लस, त्या लसीचे भयंकर अपयश आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने सापडलेले उत्तर, अशी ही कथा आहे.

आवाज कुठून येतो?

आधी आवाजाबद्दल थोडेसे. १८१६ मध्ये लेनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. छातीतल्या आवाजांचे त्याने जे वर्गीकरण १८१९ मध्ये पुस्तकरूपाने मांडले, त्यात शिटीसारख्या आवाजाचीही नोंद आहे.

श्वासमार्गात वरच्या बाजूला, म्हणजे स्वरयंत्राजवळ, अडथळा असेल तर आवाज मुख्यतः श्वास आत घेताना येतो. घटसर्प किंवा 'क्रूप' या रोगांत असे होते. अडथळा खाली, फुप्फुसातल्या बारीक नलिकांत असेल तर शिटी वाजते ती श्वास सोडताना. याचे कारण सोपे आहे. श्वास घेताना छाती फुलते आणि तिच्याबरोबर या नलिकाही ताणून रुंद होतात. श्वास सोडताना छातीतला दाब त्यांना बाहेरून दाबतो. आधीच सुजलेल्या नलिका मग जवळजवळ मिटतात. आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही, छाती फुगलेलीच राहते आणि बाळ पोट उडवीत, बरगड्यांमधली जागा आत ओढीत श्वास घेऊ लागते. पोट असे उडू लागले की आपल्याकडे 'बाळाला डबा झाला' असे म्हणतात. अर्थात 'डबा' या एका शब्दात न्यूमोनियापासून अनेक आजार सामावलेले असतात.

शिटी वाजली म्हणजे दमा, असाही एक समज आहे. दम्यात नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे स्नायू सैल करणारे औषध हुंगले की आराम पडतो. पण वर्षाच्या आतल्या बाळात पहिल्यांदाच असा आवाज येतो, तेव्हा पुष्कळदा कारण वेगळे असते. नलिकांच्या आतल्या अस्तराच्या पेशी विषाणूमुळे मरून गळून पडतात, चिकट स्राव साठतो, अस्तर सुजते. या आजाराला 'ब्रॉंकिओलायटिस' म्हणतात. इथे अडथळा स्नायूंचा नसून गाळाचा असतो, म्हणून दम्याच्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. विषाणूवर प्रतिजैविकेही चालत नाहीत. प्राणवायू देणे, अंगातले पाणी कमी होऊ न देणे आणि बाळ थकत नाही ना यावर लक्ष ठेवणे, हेच मुख्य उपचार.

चिंपांझींची सर्दी

बाळांमधल्या या आजाराचे वर्णन डॉक्टर पूर्वीपासून करीत होते, पण त्याचे कारण कुणाला माहीत नव्हते. ते सापडले अगदी आडवाटेने.

१९५५ साली वॉशिंग्टनमधील वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत पाळलेल्या चिंपांझींना सर्दी झाली. शिंका, खोकला, वाहणारे नाक, सारे माणसासारखेच. मॉरिस, ब्लाउंट आणि सॅव्हेज या संशोधकांनी त्यातून एक नवा विषाणू वेगळा केला आणि १९५६ मध्ये 'चिंपांझी कोरायझा एजंट', म्हणजे 'चिंपांझींच्या सर्दीचे कारण', या नावाने त्याची माहिती प्रसिद्ध केली. प्राण्यांबरोबर काम करणाऱ्या एका माणसालाही तसाच आजार झाला आणि त्याच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. तेव्हा हा चिंपांझींचा विषाणू माणसाकडे आला असावा असे वाटणे स्वाभाविक होते.

१९५७ मध्ये रॉबर्ट चॅनॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांना बाल्टिमोरमधील दोन आजारी बालकांमध्ये एक विषाणू सापडला. तो चिंपांझींच्या विषाणूसारखाच निघाला. मग त्यांनी निरनिराळ्या वयाच्या मुलांचे रक्त तपासले. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेक मुलांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे होती. गोष्ट उलटीच निघाली! हा विषाणू मुळात माणसाचाच, आणि तोही इतका सर्रास आढळणारा की जवळजवळ प्रत्येक मूल त्याला भेटून मोठे होते. चिंपांझींनाच तो माणसाकडून मिळाला असला पाहिजे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हा विषाणू टाकला की शेजारशेजारच्या पेशींच्या भिंती विरघळून त्यांचा एकच मोठा, अनेक केंद्रके असलेला गोळा बनतो. अशा गोळ्याला 'सिन्सिशियम' म्हणतात. म्हणून विषाणूचे नाव ठेवले 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस', थोडक्यात आरएसव्ही. पेशींना एकजीव करण्याची ही करामत ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९६० मध्ये वॉशिंग्टनमधल्या बालकांत आलेल्या साथीचा चॅनॉकच्या गटाने अभ्यास केला, तेव्हा ब्रॉंकिओलायटिसमागचे मुख्य कारण हाच विषाणू आहे हे दिसून आले. कारण कळले, आता लस करायची.

एक रास्त कल्पना

तो काळ लसींच्या यशाचा होता. १९५५ मध्ये साल्क यांची पोलिओ लस आली होती. त्यांची रीत अशी : विषाणू वाढवायचा, फॉर्मॅलिनने त्याला मारायचे आणि तो टोचायचा. मेलेला विषाणू रोग देऊ शकत नाही, पण शरीर त्याला पाहून प्रतिपिंडे तयार करते. मग आरएसव्हीला हीच रीत का लावू नये? विषाणू फॉर्मॅलिनने मारला, परिणाम वाढावा म्हणून त्याला तुरटीच्या जातीच्या ॲल्युमिनियम क्षाराची जोड दिली आणि १९६५-६६ मध्ये वॉशिंग्टनसह अमेरिकेत काही ठिकाणी लहान मुलांवर चाचण्या सुरू झाल्या. मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसू लागली. लस काम करते आहे, असेच कुणालाही वाटले असते.

नंतर १९६६-६७ चा हिवाळा आला आणि त्याच्याबरोबर आरएसव्हीची साथ.

वॉशिंग्टनच्या एका चाचणीतले आकडे असे आहेत. लस दिली तेव्हा ही बाळे अवघी काही महिन्यांची होती. लस मिळालेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना आरएसव्हीचा संसर्ग झाला. म्हणजे लसीने संसर्ग रोखला नाही. पण खरा धक्का पुढेच होता. या २० पैकी १६ बाळांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांतली दोन दगावली. तुलनेसाठी दुसऱ्या एका विषाणूची लस दिलेला गट होता. त्या गटात आरएसव्हीचा संसर्ग झालेल्या २१ बाळांपैकी रुग्णालयात गेले फक्त एक. लस न देते तर बरे, अशी ही लस ठरली होती.

इथे तुलनेच्या गटाचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या नजरेस जरूर आणून द्यावे. तो गट नसता, तर 'यंदाची साथ जरा जोरदार होती' असे म्हणून सारे संपले असते. ८० टक्के विरुद्ध ५ टक्के, हा फरक समोर मांडलेला होता म्हणूनच दोष साथीचा नसून लसीचा आहे हे कळले.

चाचण्या थांबल्या. संशोधकांनी सारी माहिती १९६९ मध्ये एका शोधपत्रिकेत सविस्तर प्रसिद्ध केली. पुढची कित्येक दशके बाळांसाठी आरएसव्हीची लस करण्याचे धाडस करताना प्रत्येकासमोर ते दोन मृत्यू उभे राहिले, आणि ते योग्यच होते.

बिघडले कुठे?

प्रतिपिंडे तर होती. मग संरक्षण का नाही? आणि उलट अपाय का? याचा उलगडा एका दिवसात झाला नाही. मृत बाळांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने, उंदरांवरचे प्रयोग, जुन्या रक्तनमुन्यांची पुन्हा केलेली तपासणी, अशा अनेक धाग्यांतून हळूहळू चित्र तयार झाले.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रतिपिंड विषाणूला चिकटणे आणि प्रतिपिंडाने विषाणूला निष्प्रभ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराच्या सदऱ्याचे टोक धरले म्हणजे चोर पकडला असे होत नाही, हात धरावे लागतात. लसीने तयार झालेली बहुतेक प्रतिपिंडे सदरा धरणारी होती. विषाणूला ती चिकटत, पण तो पेशीत शिरायचा थांबत नसे. उलट विषाणू आणि प्रतिपिंड यांचे गठ्ठे फुप्फुसात साठून दाह भडकवीत. दुसरी गोष्ट, या लसीने रोगप्रतिकारक पेशींचा कल ॲलर्जीत दिसतो तशा प्रतिक्रियेकडे झुकवला होता. खरा विषाणू आल्यावर या पेशी फुप्फुसात धावून गेल्या आणि आधीच अरुंद असलेल्या नलिकांत आणखी सूज आणि आणखी स्राव निर्माण झाला. चौथ्या घाताचा हिशेब तर आपण पाहिलाच आहे.

गोवराच्या बाबतीतही साधारण असेच घडले. फॉर्मॅलिनने मारलेली गोवराची लस अमेरिकेत १९६३ मध्ये आली होती. लस घेतलेल्या काही मुलांना पुढे गोवर झाला तो वेगळ्याच, अधिक त्रासदायक स्वरूपात. १९६७ मध्ये ती लस मागे घेतली गेली. पोलिओला जी रीत चालली ती प्रत्येक विषाणूला चालेलच असे नाही, हा धडा महागात पडला.

दरम्यान एक वेगळी वाट मात्र खुली झाली. शरीराला प्रतिपिंडे बनवायला शिकवण्याऐवजी तयार प्रतिपिंडेच टोचायची. १९९८ मध्ये अमेरिकेत 'पॅलिव्हिझुमॅब' या प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. अपुऱ्या दिवसांच्या आणि हृदयविकार असलेल्या बाळांना त्याचा उपयोग झाला, पण ते साथीच्या मोसमात दर महिन्याला टोचावे लागे आणि अतिशय महाग होते.

चाप सुटण्याआधी

पेशींना एकजीव करणारी करामत आपण मघाशी पाहिली. ती करणारे प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावर असते. त्याला 'एफ' प्रथिन म्हणतात. उंदराचा सापळा लावून ठेवावा, तसे हे प्रथिन ताणलेल्या स्थितीत असते. पेशीशी गाठ पडली की चाप सुटतो, प्रथिन उलगडून लांब होते आणि विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी सांधून टाकते. एकदा सुटलेला हा चाप पुन्हा लावता येत नाही. अडचण अशी की तो फार हळवा असतो. प्रयोगशाळेत विषाणू हाताळताना, साठवताना तो आपोआपच सुटतो.

आता १९६६ च्या लसीकडे पुन्हा पाहा. फॉर्मॅलिनने मारलेल्या त्या विषाणूवर मुख्यतः चाप सुटलेली प्रथिनेच उरली होती, हे पुढे स्पष्ट झाले. शरीराला आपण सुटलेला सापळा दाखवला आणि अपेक्षा केली की त्याने लावलेला सापळा ओळखावा!

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बार्नी ग्रॅहॅम, पीटर क्वांग आणि जेसन मॅकलेलन यांनी या प्रश्नाला हात घातला. 'डी-२५' नावाचे एक अत्यंत प्रभावी प्रतिपिंड उपलब्ध झाले होते. ते ताणलेल्या प्रथिनालाच पकडते. या प्रतिपिंडाने प्रथिन जागच्या जागी धरून ठेवले आणि २०१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उकलली. विषाणूला निष्प्रभ करणारी सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे जिथे बसतात तो भाग प्रथिनाच्या माथ्यावर होता, आणि चाप सुटला की तो नाहीसाच होत होता. त्याच वर्षी या गटाने प्रथिनात मोजके बदल केले. एक जादा रासायनिक टाका घातला, आतल्या पोकळ्या भरल्या, आणि प्रथिन ताणलेल्या स्थितीतच गोठून राहिले. लसीसाठी हवा तो आकार हाती आला.

चॅनॉकने हे पाहिले नाही. आयुष्यभर या विषाणूमागे लागलेला हा संशोधक २०१० मध्ये वारला होता.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत आरएसव्हीच्या पहिल्या लसींना मान्यता मिळाली, प्रथम वृद्धांसाठी आणि मग गर्भवतींसाठी. बाळाला वाचवायला आईला लस का? कारण विषाणूचा सर्वाधिक धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. बाळाला लस देऊन प्रतिपिंडांची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. आईची प्रतिपिंडे मात्र वारेतून बाळाला जन्माआधीच मिळतात. मोठ्या चाचणीत या लसीने जन्मानंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील गंभीर आजार सुमारे ८२ टक्क्यांनी कमी केला. दुसरा मार्ग 'निर्सेव्हिमॅब' या प्रतिपिंडाचा. 'डी-२५' पासूनच ते घडवले असून एकाच टोचणीत पूर्ण मोसमभर टिकते. याच प्रकारे प्रथिनाला ताणलेल्या आकारात गोठवण्याची युक्ती २०२० मध्ये कोविडच्या अनेक लसींत वापरली गेली, हेही आठवावे.

तरीही १९६७ ची सावली पूर्ण सरलेली नाही. तान्ह्या बाळांनाच थेट द्यायच्या आरएनए पद्धतीच्या एका लसीची चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्या गटात गंभीर आजार अधिक दिसू लागला होता. या वेळी देखरेख कडक होती आणि थांबण्याचे निकष आधीच ठरलेले होते. हे १९६९ च्या त्या प्रसिद्ध केलेल्या आकड्यांचेच देणे आहे.

आपला हिशेब

२०१९ या एका वर्षात आरएसव्हीमुळे जगात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतले ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, आणि रुग्णालयात झालेले मृत्यू साधारण एक चतुर्थांशच. बाकीची बाळे घरीच गेली. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना आईची लस किंवा बाळाचे प्रतिपिंड यांपैकी एक उपाय स्वीकारण्याची शिफारस केली. ज्या झोपडीत त्याची गरज सर्वाधिक आहे तिथवर तो कोणत्या किमतीला पोचतो, यावर आता सारे अवलंबून आहे.

तोवर, आणि त्यानंतरही, एक उपाय बिनपैशाचा आहे. तो म्हणजे श्वास मोजणे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि निरक्षर सुईणींनाही बाळांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू कमी होतात हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर बाळाला आरोग्यकेंद्रात न्यायला हवे. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर झाले असतील तर क्षणाचाही विलंब नको. काही भागांत डबा झाला म्हणून बाळाच्या पोटावर चटके देतात. अडथळा पोटात नाही, छातीतल्या केसासारख्या नलिकांत आहे, हे ज्याला समजले तो असे करणार नाही.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोगही आहे. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांना तळाशी भोके पाडा. एकीत बॉलपेनची स्वच्छ धुतलेली रिकामी रिफिल आणि दुसरीत तेवढ्याच लांबीची सरबताची नळी मेणाने घट्ट बसवा. दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरून ठरावीक पाणी गळायला किती वेळ लागतो ते मोजा. नळ्यांचे आतले व्यास मोजून गुणोत्तर काढा. जाड नळीत भोवरे होत असल्यामुळे उत्तर चौथ्या घाताला तंतोतंत जुळणार नाही, पण क्षेत्रफळाच्या हिशेबापेक्षा पुष्कळ पुढे जाईल. ते का, यावर मुलांना वाद घालू द्या. आणि घरी धाकटे भावंड असेल त्याने ते झोपलेले असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजून वहीत लिहून आणावेत. आजारपणात मोजायचे तर आधी बरे असतानाचा आकडा माहीत असलेला चांगला.